आपले व्हिडिओ, आपल्याच टीव्हीवर



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांत एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला, की शेवटी केंद्रातल्या ताईंना म्हटलं, यावर एकदा सविस्तर बोलूच. प्रश्न असा: "ताई, टीव्ही स्मार्ट घेतला, हप्ते अजून फिटायचेत. पण मोबाईलमधलं आपलं शूटिंग त्यावर लावायचं म्हटलं की पोराला हाक मारावी लागते. आणि पोरगं म्हणतं, नेट नाही, लागणार नाही."

नेट नसलं तरी लागतं, मैत्रिणींनो. आज तेच सांगायचंय. जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा, दोन-तीन नावं लिहून घ्यावी लागतील.

आधी एक गैरसमज बाजूला करू. वायफाय आणि इंटरनेट आपण एकच समजतो. ते एक नाही. वायफाय म्हणजे घरातल्या घरात एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जायची वाट. इंटरनेट म्हणजे गावाबाहेर जाणारा रस्ता. गावाबाहेरचा रस्ता पावसात वाहून गेला तरी माजघरातून स्वयंपाकघरात जाता येतंच की. व्हिडिओ तुमच्या घरात, टीव्ही तुमच्या घरात, मग तो व्हिडिओ परदेशातल्या कुठल्या कंपनीच्या यंत्रावर चढवून परत खाली उतरवायची काय गरज?

आणि हे चढवणं-उतरवणं फुकट नसतं. साधा हिशेब सांगते. टीव्हीवर बऱ्यापैकी स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ सेकंदाला 3 मेगाबिटच्या वेगाने येतो असं धरा. तासाला ते 1.3 जीबीच्या वर जातं. आपल्यापैकी पुष्कळजणींचा रिचार्ज रोजच्या दीड जीबीचा. म्हणजे एक तास टीव्ही बघितला की दिवसाचं नेट संपलं, आणि मग मुलीचा अभ्यास उघडायला हाती काही राहत नाही. घरातल्या घरात पाठवलं तर यातलं एक एमबीसुद्धा खर्च होत नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. ती सांगताना गावाचं नाव घेत नाही. एका गटाने आरोग्यावरची बैठक ठेवली होती. एक बाई प्रथमच मोकळेपणी बोलल्या, घरात काय सोसलं ते सगळं. कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं, त्यांच्या संमतीने, गटातच पुन्हा ऐकायला. पुढच्या बैठकीला ते टीव्हीवर दिसावं म्हणून एका कॉलेजच्या मुलाने सोपा मार्ग काढला: यूट्यूबवर टाकलं आणि टीव्हीवर उघडलं. बैठक झाली, सगळ्यांनी बघितलं. आणि आठ दिवसांनी त्या बाईंच्या नणंदेचा मुंबईहून फोन आला. तो व्हिडिओ 'पब्लिक' राहिला होता. मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या बाई नंतर पाच महिने बैठकीला आल्या नाहीत.

यूट्यूबवर 'अनलिस्टेड' असंही ठेवता येतं, मात्र ज्याच्या हाती लिंक पडेल तो बघू शकतो, आणि आपल्याकडे लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी सांगते, हळदीतला नाच असो, मुलींची कबड्डी असो, आजीच्या जात्यावरच्या ओव्या असोत की गटाची बैठक असो, जे घरचं आहे ते घरच्या यंत्रावर ठेवा. कुणाला दाखवायचं ते मग तुम्ही ठरवाल.

आता कसं करायचं.

सगळ्यात सोपा उपाय पेनड्राइव्ह. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला यूएसबीची खाच असते. पेनड्राइव्हवर व्हिडिओ भरा, खाचेत लावा, रिमोटने उघडा. एखादं लग्नाचं शूटिंग वर्षातून दोनदा बघायचं असेल तर एवढं पुरे, पुढचं काही करू नका. फक्त एक अडचण सांगून ठेवते, कारण ती हमखास येते. 32 जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणलेला असतो, सगळा रिकामा, आणि तरी कॉम्प्युटर म्हणतो फाइल मावत नाही. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो 'फॅट 32' नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेला असतो, आणि त्या पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल राहतच नाही. पेनड्राइव्ह 'फॉरमॅट' करताना 'एक्सफॅट' निवडा. बहुतेक नवे टीव्ही ते वाचतात. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी बघून घ्या आत काय आहे.

पण ज्यांच्याकडे व्हिडिओ पुष्कळ आहेत, दोन-तीन मोबाईलमध्ये विखुरलेत, मुलगी एका खोलीत मोबाईलवर बघणार आणि आजी बाहेर टीव्हीवर बघणार, त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह काढ-घाल करणं कटकटीचं. तिथे सर्व्हर लागतो.

सर्व्हर या शब्दाला बिचकू नका. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीतला वाढपी काय करतो? कोठीत काय काय आहे ते त्याला माहीत असतं, पानावर बसलेल्याने मागितलं की आणून वाढतो. तुमच्या घरातला जुना लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर हा वाढपी होऊ शकतो. मुलाला कॉलेजसाठी घेतलेला, आता हळू चालतो म्हणून कपाटावर ठेवलेला लॅपटॉप असेल ना? तोच. टीव्ही म्हणजे पानावर बसलेला पाहुणा. त्याने मागायचं, लॅपटॉपने वाढायचं.

दोघांना एकमेकांची भाषा समजावी म्हणून कंपन्यांनी एक पद्धत ठरवून घेतली होती, तिचं नाव डीएलएनए. 2003 साली सोनी, इंटेल वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन ती सुरू केली. ती संस्था 2017 मध्ये बंद झाली, पण पद्धत अजून पुष्कळ टीव्हींत आणि विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे कित्येक घरांत वाढपी आणि पाहुणा दोघंही हजर आहेत, कुणी ओळख करून दिलेली नाही एवढंच.

ओळख अशी करून द्यायची. लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही एकाच वायफायला जोडा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर खाली शोधायच्या जागी 'मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स' असं टाइप करा, ते कंट्रोल पॅनलमध्ये उघडेल. 'टर्न ऑन' म्हणा. मग तुमचे व्हिडिओ 'व्हिडिओज' नावाच्या फोल्डरमध्ये टाका. टीव्हीवर, सॅमसंग असेल तर 'सोर्स'मध्ये, एलजी असेल तर 'मीडिया प्लेयर'मध्ये लॅपटॉपचं नाव दिसायला लागतं. अँड्रॉइड टीव्ही असेल तर त्याच्या प्ले स्टोअरमधून 'व्हीएलसी' नावाचं अ‍ॅप घ्या, फुकट आहे, केशरी-पांढऱ्या शंकूचं चित्र असतं, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला. व्हीएलसी उघडलं की आपल्या वायफायवरचे सगळे वाढपी ते स्वतः शोधून काढतं. अ‍ॅप उतरवायला तेवढं एकदा नेट लागेल. त्यासाठी मोबाईलचं हॉटस्पॉट दहा मिनिटं द्या.

पहिल्या वेळी बहुतेकींचं इथेच अडतं: टीव्हीवर लॅपटॉप दिसत नाही. कारणं ठरलेली आहेत, ती लिहून घ्या.

पहिलं, दोघं एका वायफायवर नसतात. लॅपटॉप आईच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि टीव्ही मुलाच्या हॉटस्पॉटवर. एकाच खोलीत शेजारी शेजारी असले तरी ही दोन वेगळी घरं झाली. किंवा राउटरवर 'गेस्ट' म्हणून वेगळं नाव असतं आणि टीव्ही त्यावर जोडलेला असतो. गेस्टवरच्या यंत्रांना घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत म्हणूनच ती सोय केलेली असते, पाहुण्याला माजघरात जाता येत नाही तसं. टीव्हीला घरच्या नावावर घ्या. काही राउटरची दोन नावं दिसतात, एक 2.4 आणि एक 5 गिगाहर्ट्झचं. ती सहसा एकाच घराची दोन दारं असतात, त्याने फरक पडत नाही.

दुसरं, विंडोजने पहिल्यांदा वायफाय जोडताना विचारलेलं असतं, हे नेटवर्क 'पब्लिक' की 'प्रायव्हेट'? घाईत आपण काहीतरी दाबतो. पब्लिक असेल तर लॅपटॉप एसटी स्टँडवर बसल्यासारखा अंग चोरून बसतो, कुणाला ओळख देत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते प्रायव्हेट करा. माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात ठिकाणी गाठ इथे सुटते.

तिसरं, लॅपटॉप झोपलेला असतो. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की तो स्वतःहून झोपतो, आणि टीव्ही बिचारा मागत राहतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप' समोर 'नेव्हर' करा. झाकण लावलं तरी झोपू नये, अशीही सोय तिथेच असते. चार्जर लावलेला असू द्या.

आता समजा नाव दिसलं, फोल्डर उघडलं, व्हिडिओवर बोट ठेवलं आणि टीव्ही म्हणाला, 'हा प्रकार चालत नाही.' किंवा चित्र दिसतं, आवाज नाही. हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण दुकानदार अशा वेळी टीव्हीच बदलायला सांगतो.

व्हिडिओची फाइल म्हणजे डबा. डब्यावर एमपी4 लिहिलेलं असेल किंवा एमकेव्ही. पण आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते वेगळंच. दोन पद्धती आपल्या कामाच्या. एक एच 264, ही 2003 पासूनची, आजचा जवळजवळ कुठलाही टीव्ही ती उघडतो. दुसरी एच 265, तिलाच एचईव्हीसी म्हणतात, 2013 ची. तिच्यात फाइल लहान होते, म्हणून नवे मोबाईल पुष्कळदा तिच्यातच शूटिंग करतात, पण जुना किंवा अगदी स्वस्तातला टीव्ही ती उघडेलच असं नाही. आवाजाचंही तसंच. डीटीएस नावाचा आवाजाचा प्रकार काही कंपन्यांनी मधल्या काळात टीव्हीतून काढून टाकला, त्यामुळे चित्र हलतं आणि माणसं मुकी.

उपाय दोन आहेत. पुढच्या शूटिंगसाठी मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा, 'हाय एफिशियन्सी व्हिडिओ' असं काही दिसेल, ते बंद करा. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. मग शूटिंग एच 264 मध्ये होईल. फाइल मोठी होते, ते मात्र खरं. साधारण मिनिटाला सव्वाशे एमबी, म्हणजे तासाला साडेसात जीबी.

जे शूटिंग आधीच झालंय त्यासाठी 'हँडब्रेक' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या. फाइल दाखवायची, एमपी4 आणि एच 264 निवडायचं, सुरू करायचं. जुन्या लॅपटॉपला एका तासाच्या व्हिडिओला तीन-चार तासही लागतील. रात्री लावून झोपा. मूळ फाइल पुसू नका, ती वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचं सांगते, कारण तिथे आपलं फार नुकसान होतं. मोबाईलमधला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपने पाठवला की तो चेपून पाठवला जातो. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर कळत नाही. 43 इंची टीव्हीवर लावला की चेहरे पुसट, तांदळाच्या कणीएवढे चौकोन चौकोन दिसतात. बाया म्हणतात टीव्हीत राम नाही. टीव्ही चांगला आहे, व्हिडिओच चोथा झालाय. म्हणून शूटिंग ज्या मोबाईलवर झालं त्यातून केबल लावूनच लॅपटॉपवर घ्या. ज्याने शूटिंग केलं तो लांब असेल तर त्याला सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. त्यात चेपाचेपी होत नाही आणि 2 जीबीपर्यंतची फाइल जाते.

विंडोजमधली सोय चालते, पण ओबडधोबड आहे. फोल्डरांच्या नुसत्या याद्या दिसतात, कुठपर्यंत बघून सोडलं होतं ते काही वेळा लक्षात राहत नाही. ज्यांना नीट मांडणी हवी त्यांच्यासाठी 'जेलीफिन'. हे नाव लिहून घ्या. हेही फुकट आहे, जाहिराती नाहीत, कुठल्या कंपनीच्या खात्याची गरज नाही. 'एम्बी' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या कर्त्यांनी आपला कोड खुला ठेवायचं बंद केलं, तेव्हा 2018 च्या डिसेंबरात काही स्वयंसेवकांनी आधीचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली. ते जेलीफिन. 'प्लेक्स' नावाचं याच कामाचं आणखी प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे, दिसायला अधिक गोंडस, पण त्यात खातं लागतं आणि काही सोयींना पैसे पडतात. आपल्या कामाला मला जेलीफिन बरं वाटतं.

लॅपटॉपवर ते बसवलं की ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहून अपूर्णविरामाची दोन टिंबं, आणि पुढे 8096. तिथे ते तुमचं नाव विचारेल, पासवर्ड विचारेल, आणि व्हिडिओ कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते विचारेल. फोल्डर दाखवताना प्रकार विचारतं: मूव्हीज, शोज, म्युझिक, होम व्हिडिओज. आपल्या शूटिंगला 'होम व्हिडिओज'च निवडायचं. मूव्हीज निवडलं तर ते बिचारं इंटरनेटवर जाऊन त्या नावाचा सिनेमा शोधत बसतं आणि तुमच्या पुतणीच्या हळदीवर कुठल्यातरी हाणामारीच्या सिनेमाचं पोस्टर चिकटवून मोकळं होतं. एका घरी असं झालं तेव्हा आजेसासूबाईंनी विचारलं होतं, हा कोण पाहुणा?

टीव्हीवर जेलीफिनचं अ‍ॅप घ्यायचं. अँड्रॉइड टीव्हीला आणि एलजीच्या बऱ्याच टीव्हींना ते मिळतं. ज्या टीव्हीला मिळत नाही, तिथे जेलीफिनमध्ये डीएलएनएचं 'प्लगइन' टाका, मग टीव्हीला तो आधीसारखाच सोर्समध्ये दिसतो. अ‍ॅप लॅपटॉपचा पत्ता विचारेल. पत्ता म्हणजे 192.168 ने सुरू होणारे चार आकडे, मधे टिंबं. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये 'आयपीव्ही4 अ‍ॅड्रेस' समोर ते दिसतात. त्यापुढे दोन टिंबं आणि 8096. हे रिमोटने एकेक अक्षर टाइप करताना जीव जातो, खरं सांगते. पासवर्डसाठी तरी एक सुटका आहे: 'क्विक कनेक्ट' म्हणा, टीव्हीवर सहा आकडे येतील, ते मोबाईलवर उघडलेल्या जेलीफिनमध्ये घाला, झालं.

कधीतरी लाइट जाऊन आली की हा पत्ता बदलतो आणि टीव्ही म्हणतो सर्व्हर सापडत नाही. राउटर घरातल्या यंत्रांना आकडे वाटतो, दर वेळी तोच आकडा देईल असं नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपसाठी एक आकडा राखून ठेवता येतो, 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. केबलवाला राउटर बसवायला येतो तेव्हाच त्याच्याकडून करून घ्या, त्याला दोन मिनिटांचं काम आहे.

आता ज्या घरी ब्रॉडबँड नाहीच, त्यांचं काय? दोन वाटा. एका मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करा, त्याच मोबाईलचा डेटा बंद करा, आणि टीव्ही व लॅपटॉप दोन्ही त्या हॉटस्पॉटला जोडा. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलवर हे चालतं. डेटा बंद करायचा तो टीव्हीसाठी. नाहीतर टीव्हीला नेट मिळालंय असं वाटतं आणि तो मागच्या दाराने स्वतःचं अपडेट उतरवायला लागतो, तुमचा दीड जीबी साफ. दुसरी वाट अधिक चांगली: जुना राउटर. शहरातल्या भावाकडे, जावेकडे बंद केलेल्या कनेक्शनचा, स्वतः विकत घेतलेला राउटर धूळ खात पडलेला असतो. त्याला नेटची तार नसली तरी नुसती वीज दिली की तो वायफाय देतो. घरातल्या वाटेला तेवढं पुरेसं. मोबाईल कुरकुर करेल, 'इंटरनेट नाही' म्हणेल, आणि काही मोबाईल स्वतःहून डेटावर उडी मारतील. तो संदेश आला की 'तरीही जोडलेलं ठेवा' म्हणा.

आमच्या भागात एका ग्रामसंघाने ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये हेच केलंय. एक जुना राउटर, गटाचा लॅपटॉप, भिंतीवर टीव्ही. शेवयांच्या मशीनचं शूटिंग, हिशेबाची वही कशी लिहायची त्याचं शूटिंग, सोयाबीनचं बी घरच्या घरी उगवून तपासायचं शूटिंग, सगळं त्यांच्याच बायांनी केलेलं, त्यांच्याच बोलीत. नव्या गटाची बैठक असली की सीआरपी ताई रिमोट दाबते. तिथे मोबाईलला टॉवर एकच दांडी दाखवतो, पण व्हिडिओ अडत नाही. राउटर सहसा 9 किंवा 12 व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी छोटे बॅटरीचे डबे मिळतात. राउटरच्या मागे लिहिलेले व्होल्ट बघूनच घ्या, जुळले नाहीत तर राउटर जळतो. भारनियमनात टीव्ही बंद पडतो हे आलंच, पण लॅपटॉप आणि राउटर चालू राहिले तर बाया मोबाईलवर बघतात. अ‍ॅप तेच.

हॉलमध्ये सिनेमे मात्र लावायचे नाहीत. कॉपीराइटचा कायदा 1957 पासून आहे. विकत घेतलेला सिनेमा घरी बघणं वेगळं आणि गावासमोर लावणं वेगळं. चोरून उतरवलेला तर कुठेच नको.

व्हिडिओ थांबत थांबत चालत असेल तर राउटर कुठे ठेवलाय ते बघा. लोखंडी कपाटाच्या मागे, फ्रिजच्या डोक्यावर, पत्र्याच्या आडोशाला ठेवला तर लाटा अडतात. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही दिसतील अशा उंच जागी ठेवा. जमलं तर लॅपटॉप राउटरला तारेनेच जोडा, म्हणजे हवेतून एकच फेरी होते. तार शंभर-दीडशे रुपयांत मिळते. जेलीफिनमध्ये अडखळत असेल तर बहुधा लॅपटॉप त्याच वेळी व्हिडिओ एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलत असतो, वाढता वाढता दळण दळावं तसं. पंखा घरघरतो त्यावरून कळतं. तेव्हा हँडब्रेकने रात्रीच दळून ठेवा म्हटलं ते यासाठी.

पासवर्ड कुणाकडे, हेही ठरवा. जेलीफिनमध्ये घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं नाव काढता येतं आणि कुणाला कुठलं फोल्डर दिसेल ते ठरवता येतं. मुख्य नावाचा पासवर्ड घरातल्या बाईने वहीत लिहून ठेवावा. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, असं मी दोन घरी पाहिलंय. गटाचा सर्व्हर असेल तर पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे, ठरावाच्या वहीत नोंद करून. आणि बैठकीचं शूटिंग वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त सदस्यांना दिसेल असं.

शेवटी डिस्क. सगळं एका लॅपटॉपवर आणलंत आणि तो लॅपटॉप बंद पडला, तर होतं तेही गेलं. 1 टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या, मघाशी सांगितलेल्या हिशेबाने तिच्यात सव्वाशे-दीडशे तासांचं शूटिंग बसतं. महिन्यातून एकदा त्यावर नक्कल करायची आणि ती डिस्क त्याच घरात ठेवायची नाही. माहेरी ठेवा, बहिणीकडे ठेवा. आमच्या एका गटातल्या दोघी मैत्रिणींनी अदलाबदल केलीय, हिची डिस्क तिच्या कपाटात, तिची हिच्या. एकीच्या डिस्कमध्ये सासूबाईंच्या जात्यावरच्या चाळीसेक ओव्या आहेत. सासूबाई गेल्या दिवाळीनंतर गेल्या. ज्या मोबाईलवर त्या ओव्या घेतल्या होत्या तो त्याआधीच विहिरीत पडला होता.

फाइलींना नावं देताना आधी तारीख, मग गाव, मग माणूस, असं द्या. वर्ष पुढे लिहा, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते. नाव मराठीत लिहिलं तरी चालतं, मात्र काही टीव्हींवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन येतात. तसं झालं तर नाव इंग्रजी अक्षरांत लिहा.

कुणाचं कुठे अडलं तर केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवा किंवा गटाच्या सीआरपीकडे चिठ्ठी द्या. पुढच्या महिन्यात त्यातले प्रश्न घेऊन मी पुन्हा येईन. प्रश्न पाठवताना टीव्हीचं मॉडेल जरूर सांगा. ते टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. टीव्ही भिंतीवर घट्ट बसवलेला असेल तर रिमोटने सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडा, तिथेही सापडतं.